घन-अवस्था संचयक

(एसएसडी). विद्युत् पुरवठा बंद झाल्यावरही माहिती टिकवून धरणारे, अर्धसंवाहक स्मृतीचे बनविलेले आणि कोणताही हलता भाग नसलेले संगणकाचे साठवण साधन. व्यवहारात ते ‘एसएसडी’ या आद्याक्षरी नावानेच ओळखले जाते. फिरत्या चुंबकीय तबकडीवर माहिती लिहिणाऱ्या हार्ड डिस्कची जागा वैयक्तिक संगणकांत त्याने बव्हंशी घेतली आहे. ज्या संगणकाचा मुख्य उपयोग चित्रमय खेळ खेळण्यासाठी होतो त्यात (गेमिंग संगणकात) मूळचा संचयक लवकरच अपुरा पडतो व दुसरा बसवावा लागतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर’ या खेळासाठी निर्मात्यांनी १७५ गिगॅबाइट मोकळी जागा सांगितली होती, २०२३ मधील ‘बाल्डर्स गेट ३’ व ‘स्टारफील्ड’ या खेळांना अनुक्रमे १५० व १२५ गिगॅबाइट जागा लागते व दोहोंसाठी घन-अवस्था संचयक आवश्यक मानला आहे. ५१२ गिगॅबाइटच्या संचयकात संगणकाची कार्यप्रणाली व असे तीन खेळ ठेवले की, तो जवळजवळ भरतो. प्रस्तुत नोंदीत अशा संचयकाचे कार्य आणि चालू संगणकास दुसऱ्या संचयकाची जोड देताना ध्यानात घ्यावयाच्या गोष्टी यांचे विवरण केले आहे.

इतिहास : घन पदार्थावर खुणा करून माहिती साठविण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. फ्रान्समध्ये बाझील बूशाँ यांनी १७२५ मध्ये मागावरील नक्षीसाठी छिद्रे पाडलेली कागदी पट्टी वापरली व १८०४ च्या सुमारास झोझेफ मारी जॅकार्ड यांनी छिद्रपत्रांवर चालणारी यंत्रणा सिद्ध केली. सोलापूरची नक्षीदार चादर ज्या जॅकार्ड मागावर विणली जाते त्याचे तत्त्व हेच होय. प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक पत्र असते. पत्रावर जेथे छिद्र असेल तेथला उभा धागा उचलला जातो व जेथे नसेल तेथला खालीच राहतो. म्हणजे एका छिद्राची जागा ही ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढीच माहिती धारण करते. संगणकशास्त्रात ‘बिट’ म्हणतात तो हाच. १८३९ मध्ये खुद्द जॅकार्ड यांचे रेशमी चित्र मागावर विणण्यात आले, त्यास सु. २४,००० पत्रे लागली होती. प्रत्येक पत्रावर हजार छिद्रांची जागा धरली, तर त्या चित्रात सु. ३० लक्ष बाइट माहिती होती असे म्हणता येईल. छिद्रपत्रांची हीच कल्पना हर्मन हॉलरिथ यांनी अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत आकडेमोडीसाठी योजली व पुढे ती संगणकांत आली.

तबकडीवरील चुंबकीय साठवणीचा प्रारंभ १९५६ मध्ये आयबीएम कंपनीच्या ‘रॅमॅक’ या यंत्राबरोबर आलेल्या साधनाने झाला. सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या असलेल्या या कपाटाएवढ्या साधनात सु. ५० लक्ष अक्षरे मावत. अर्धसंवाहकातच माहिती कायम कोंडून ठेवता येईल, ही कल्पना बेल प्रयोगशाळेतील डावॉन काहंग व सायमन झी यांनी १९६७ मध्ये मांडली. जपानमधील तोशिबा कंपनीतील फूजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये ‘फ्लॅश’ स्मृतीचे वर्णन प्रसिद्ध केले. छायाचित्रकाराच्या दिव्याच्या लखलखाटासारखी ही स्मृती एका क्षणात मोठ्या प्रमाणावर पुसली जाते, म्हणून तिला हे नाव पडले. आजच्या संचयकांत वापरला जाणारा ‘नँड’ हा तिचा प्रकार १९८७ मधील. १९८८ मध्ये ईलाय हरारी, संजय मेहरोत्रा व जॅक युआन यांनी अमेरिकेत स्थापिलेल्या ‘सनडिस्क’ (पुढे ‘सँडिस्क’) कंपनीने १९९१ मध्ये आयबीएमसाठी २० मेगॅबाइट क्षमतेचा फ्लॅश संचयक पुरविला. त्याची किंमत सु. १,००० डॉलर होती. क्षमता वाढविण्यासाठी स्मृतिपेशी शेजारी शेजारी अधिकाधिक दाटीने मांडण्याची मर्यादा गाठल्यावर त्या मजल्यांप्रमाणे एकावर एक रचण्यास सुरुवात झाली व सॅमसंग कंपनीने २०१३ मध्ये २४ थरांची अशी स्मृती बाजारात आणली. त्यानंतर थरांची संख्या शेकड्यांवर गेली आहे.

रचना व कार्य : संचयकात मुख्यतः दोन घटक असतात : फ्लॅश स्मृतीच्या चकत्या (चिप) व त्यांचे नियंत्रण करणारा नियंत्रक. स्मृतीची प्रत्येक पेशी म्हणजे एक ट्रँझिस्टर असून त्यात चोहोबाजूंनी निरोधक पदार्थाने वेढलेला एक थर असतो. उच्च विद्युत् दाब लावून या थरात इलेक्ट्रॉन ढकलले जातात. दाब काढून घेतल्यावर ते तेथेच अडकून राहतात. किती इलेक्ट्रॉन अडकले आहेत त्यावर ट्रँझिस्टर कोणत्या दाबास वाहू लागतो हे अवलंबून असते व त्यावरून साठविलेली माहिती वाचली जाते. पेशीत एकच बिट ठेवावयाचा असेल, तर भाराच्या दोन पातळ्या पुरतात. दोन बिटांसाठी ४, तीन बिटांसाठी ८ व चार बिटांसाठी १६ पातळ्या वेगळ्या ओळखाव्या लागतात. पातळ्या वाढल्या की, त्याच चकतीत अधिक माहिती मावते व किंमत उतरते. परंतु पातळ्यांमधील अंतर घटते, लिहिण्यास वेळ लागतो आणि पेशी लवकर झिजते. बाजारातील संचयकांच्या वर्णनात ‘टीएलसी’ (तीन बिट) व ‘क्यूएलसी’ (चार बिट) ही अक्षरे दिसतात त्यांचा अर्थ हा आहे.

फ्लॅश स्मृतीचा एक स्वभाव समजून घेतल्याशिवाय तिचे बाकीचे वर्तन नीट उमगत नाही. छिद्रपत्रावर एकदा पाडलेले छिद्र बुजविता येत नाही, नक्षी बदलायची तर नवे पत्र घ्यावे लागते. फ्लॅश स्मृतीतही लिहिलेल्या जागी थेट पुन्हा लिहिता येत नाही. लेखन ‘पृष्ठ’ या लहान एककात (काही हजार बाइट) होते. मात्र पुसणे शेकडो पृष्ठांच्या ‘खंडा’त एकदमच करावे लागते. त्यामुळे एखादी फाइल बदलली की, नियंत्रक तिचा नवा मजकूर दुसऱ्या कोऱ्या पृष्ठावर लिहितो, जुने पृष्ठ बाद ठरवितो आणि कोणती माहिती कोठे आहे याचा तक्ता सुधारतो. पुढे सवडीने तो खंडांतील जिवंत पृष्ठे दुसरीकडे हलवून तो खंड पुसून कोरा करतो. एकाच खंडाची झीज होऊ नये म्हणून लेखन सर्वत्र सारखे वाटले जाते. कार्यप्रणालीने पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचे नियंत्रकाला ‘ट्रिम’ या आज्ञेने कळविले जाते. ही सर्व हालचाल करण्यास कोरी जागा लागते. म्हणूनच काठोकाठ भरलेला संचयक मंद होतो व दहा ते वीस टक्के जागा मोकळी ठेवावी असे सांगितले जाते. दुसरा संचयक घेण्याचे हे एक कारण पुष्कळांच्या लक्षात येत नाही : पहिल्यावरील भार हलका झाला की, तोही पूर्वीसारखा चालू लागतो.

मोठी फाइल लिहिताना आरंभी वेग खूप असतो आणि काही वेळाने एकाएकी कोसळतो, असाही अनुभव येतो. मोकळ्या पेशींपैकी काहींत नियंत्रक तात्पुरता एकेकच बिट लिहितो, ते काम झपाट्याने होते. ही राखीव जागा संपली की, तीन वा चार बिटांच्या संथ लेखनाकडे वळावे लागते. खोक्यावर छापलेला लेखनाचा आकडा बहुधा या आरंभीच्या वेगाचा असतो.

पेशींची झीज हा चिंतेचा विषय मानला जातो, पण खेळांच्या वापरात ती भीती फारशी खरी नाही. १ टेराबाइट क्षमतेच्या तीन बिटांच्या संचयकासाठी निर्माते सामान्यतः ६०० टेराबाइट लेखनाची हमी देतात. रोज १५० गिगॅबाइटचा एक नवा खेळ उतरवून घेतला, तरी ही मर्यादा गाठण्यास सु. ४,००० दिवस म्हणजे जवळजवळ ११ वर्षे लागतील. खेळ चालू असताना मुख्यतः वाचनच होते व वाचनाने पेशी नगण्य झिजते.

हार्ड डिस्कशी तुलना केली, तर खरा फरक माहिती शोधण्याच्या वेळेत आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवी ती जागा शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सु. ४.२ मिलिसेकंद लागतात. शीर्ष योग्य मार्गावर नेण्याचा वेळ वेगळा. संचयकात हा शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात किंवा त्याहूनही कमी वेळात होतो. खेळातील दृश्य उभे करताना हजारो लहान फाइली वाचाव्या लागतात, तेव्हा ही बचत हजारपट होऊन दिसते.

जोडणीचे प्रकार : दुसरा संचयक विकत घेताना सर्वांत अधिक घोटाळा येथेच होतो, कारण आकार, जोडणी व भाषा या तीन निरनिराळ्या गोष्टी असून दुकानातील बोलण्यात त्या एक केल्या जातात. जुन्या पद्धतीचा ६३.५ मिमी. (अडीच इंची) संचयक ‘साटा’ तारेने जोडतात. या मार्गाची कमाल गती सेकंदाला ६०० मेगॅबाइट असून प्रत्यक्षात सु. ५५० मिळते. नव्या पद्धतीचा ‘एम.२’ संचयक एखाद्या च्युइंगगमच्या पट्टीसारखा असतो व मदरबोर्डवरील खाचेत थेट बसतो. त्याच्या मापाचा अंक रुंदी व लांबी सांगतो : २२८० म्हणजे २२ मिमी. रुंद व ८० मिमी. लांब. काही लॅपटॉपमध्ये याहून आखूड, २२४२ किंवा २२३० मापाचीच जागा असते. तथापि एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे. त्या आकाराचा संचयक आतून साटा पद्धतीने बोलणारा असू शकेल किंवा ‘एनव्हीएमई’ पद्धतीने. फक्त एनव्हीएमई ओळखणाऱ्या खाचेत साटा पद्धतीचा एम.२ संचयक बसतो कदाचित, पण चालत नाही. साटा संचयकांच्या जोडकडेला बहुधा दोन खाचा असतात व एनव्हीएमई संचयकांच्या एकच, परंतु एवढ्यावर विसंबू नये. मदरबोर्डची माहितीपुस्तिका हाच खरा आधार होय.

साटा संचयकांसाठी वापरली जाणारी ‘एएचसीआय’ ही आज्ञापद्धती फिरत्या तबकड्या समोर ठेवून आखलेली होती. तीत ३२ आज्ञांची एकच रांग असते. २०११ मध्ये सिद्ध झालेल्या एनव्हीएमई पद्धतीत सु. ६५,००० रांगांची सोय असून प्रत्येक रांगेत तेवढ्याच आज्ञा राहू शकतात. हा संचयक ‘पीसीआय एक्सप्रेस’ या मार्गावरून थेट प्रक्रियकाशी बोलतो. चार मार्गिकांवर या मार्गाच्या तिसऱ्या पिढीत सेकंदाला सु. ३.९, चौथीत ७.९ व पाचवीत १५.८ गिगॅबाइट माहिती जाऊ शकते. पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात. पाचव्या पिढीचा संचयक तिसऱ्या पिढीच्या खाचेत चालेल, पण तिसऱ्या पिढीच्या गतीने.

मार्गिकांची वाटणी : मार्गिकांची संख्या प्रत्येक संगणकात ठरलेली असते आणि दुसरा संचयक आला की, कोणाचा तरी वाटा घटण्याचा संभव असतो. बहुतेक मदरबोर्डांवर पहिली एम.२ खाच प्रक्रियकाला थेट जोडलेली असते. दुसरी खाच पुष्कळदा साहाय्यक चकतीमार्फत (चिपसेट) जाते; तेथे तिला साटा, यूएसबी व जाळेजोडणी यांच्याबरोबर एकाच दुव्यात वाटेकरी व्हावे लागते. काही मदरबोर्डांवर दुसरी खाच भरताच साटाची एक-दोन ठिकाणे आपोआप बंद पडतात. जुनी हार्ड डिस्क ‘नाहीशी’ झाली म्हणून घाबरून जाणाऱ्यांपैकी अनेकांच्या बाबतीत एवढेच घडलेले असते. तार दुसऱ्या ठिकाणी लावली की ती पुन्हा दिसते. काही मदरबोर्डांवर विशिष्ट खाच वापरल्यास चित्रपत्रिकेच्या (ग्राफिक्स कार्डच्या) १६ मार्गिकांपैकी ८ काढून घेतल्या जातात. खेळासाठी घेतलेल्या संगणकात हा सौदा सहसा परवडत नाही, म्हणून दुसरी रिकामी खाच असल्यास ती निवडावी.

बसविण्याची पद्धत : प्रत्यक्ष बसविणे सोपे आहे. संगणक बंद करून विजेची तार काढावी, चालू करण्याची कळ काही सेकंद दाबून उरलेला भार जाऊ द्यावा आणि पेटीच्या धातूच्या भागाला हात लावून शरीरावरील स्थिर विद्युत् उतरवावी. कोरड्या हवेत ही दक्षता विशेष महत्त्वाची असते. एम.२ संचयक खाचेत सु. ३० अंशांच्या कोनात सरकवून हलकेच खाली दाबतात व टोकाशी लहान स्क्रूने आवळतात. ज्या ठोकळ्यावर हा स्क्रू बसतो तो संचयकाच्या लांबीप्रमाणे हलवावा लागतो. तो तसाच राहिल्यास संचयक वाकतो. वर उष्णताशोषक पट्टी असेल, तर तिच्या खालच्या मऊ थरावरील पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा काढून मगच ती बसवावी. हा पापुद्रा विसरला जातो, आणि मग पट्टी असूनही संचयक तापतो.

नवा संचयक संगणकात लगेच दिसत नाही, कारण तो कोरा असतो. विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून त्याची मांडणी करावी लागते. विभागणीची ‘एमबीआर’ ही जुनी पद्धत सु. २.२ टेराबाइटच्या पुढे जात नाही, म्हणून ‘जीपीटी’ पद्धत निवडतात व नंतर ‘एनटीएफएस’ धारिकारचना करतात. याच क्षणी मोठे नुकसान होण्याचा धोका असतो. यादीत दोन्ही संचयक शेजारी दिसतात व चुकीचा निवडून मांडणी केली, तर जुनी माहिती जाते. नाव व क्षमता दोनदा ताडून पाहणे अगत्याचे आहे. १ टेराबाइटच्या जागी ९३१ गिगॅबाइट दिसले, तर फसवणूक झाली असे समजू नये. निर्माता दहाच्या घातांकांनी मोजतो व विंडोज दोनच्या, एवढाच तो भेद आहे. खरी फसवणूक निराळी असते : अतिस्वस्त बनावट संचयकांत नियंत्रकाला खोटी क्षमता सांगण्यास शिकविलेले असते व खरी जागा संपल्यावर नवी माहिती मुकाट्याने हरवते. संशयास्पद माल पूर्ण क्षमतेपर्यंत लिहून व परत वाचून तपासता येतो.

खेळ नव्या संचयकावर नेण्यासाठी ते पुन्हा उतरवून घ्यावे लागत नाहीत. ‘स्टीम’सारख्या खेळवितरण प्रणालीत दुसऱ्या संचयकावर नवा संग्रह निर्माण करून खेळ तेथे हलविण्याची सोय आहे. नवा संचयक जुन्याहून बराच वेगवान असेल, तर कार्यप्रणालीच त्यावर न्यावी काय, असा प्रश्न येतो. जुना संचयक साटा पद्धतीचा असला, तरी तशी निकड नसते. जुनी हार्ड डिस्क असेल, तर अवश्य न्यावी. नव्याने विंडोज बसविताना जुना संचयक तात्पुरता काढून ठेवणे श्रेयस्कर, अन्यथा संगणक सुरू करणारा विभाग एका संचयकावर व कार्यप्रणाली दुसऱ्यावर अशी विभागणी होऊन पुढे एक काढताच दुसरा निकामी ठरतो. संचयकावरील माहिती सांकेतिक (बिटलॉकर) केलेली असल्यास काम सुरू करण्यापूर्वी तिची पुनःप्राप्तीची किल्ली कागदावर लिहून ठेवावी.

खेळावरील परिणाम : दुसऱ्या संचयकाने प्रतिसेकंदी चित्रसंख्या वाढत नाही, ती चित्रपत्रिका व प्रक्रियक यांवर अवलंबून असते. कमी होतो तो खेळ सुरू होण्याचा व एका प्रदेशातून दुसऱ्यात जाण्याचा विलंब. हार्ड डिस्कवरून साटा संचयकावर येताना हा फरक मोठा जाणवतो, साटावरून एनव्हीएमईवर जाताना बव्हंशी थोड्या सेकंदांचाच. याचे कारण असे की, वाचलेली माहिती उलगडण्याचे काम प्रक्रियकाकडे असल्याने अडथळा तेथे राहतो. सोनी कंपनीच्या नोव्हेंबर २०२० मधील (भारतात २ फेब्रुवारी २०२१) ‘प्लेस्टेशन ५’ या खेळयंत्रात हे उलगडण्याचे काम स्वतंत्र मंडलाकडे दिले व ८२५ गिगॅबाइटचा संचयक सेकंदाला ५.५ गिगॅबाइट गतीने वाचण्याची सोय केली. या यंत्रातही दुसऱ्या संचयकासाठी खाच होती, पण ती सप्टेंबर २०२१ मधील सुधारणेनंतरच सर्वांना वापरता येऊ लागली. त्यासाठी सोनीने सेकंदाला ५,५०० मेगॅबाइट वाचनगती व उष्णताशोषक पट्टी यांची शिफारस केली. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टने ‘डायरेक्टस्टोरेज’ ही तत्सम प्रणाली मार्च २०२२ मध्ये खुली केली, परंतु ती वापरणारे खेळ सावकाश येत आहेत. तेव्हा केवळ खेळ ठेवण्यासाठी पाचव्या पिढीचा महाग संचयक घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत अधिक क्षमतेचा तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीचा घेणे शहाणपणाचे ठरते.

उष्णता, धूळ व वीज : परदेशी मार्गदर्शिकांत या बाबींना दोन ओळी मिळतात, महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात त्यांना अधिक महत्त्व आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४०° से.च्या पलीकडे जाते. संचयक सभोवतालच्या हवेहून किती अंशांनी तापतो हे त्याच्या विद्युत् व्ययावर व वारा खेळण्यावर ठरते. तो फरक ३५° धरला, तर २५° से.च्या खोलीत त्याचे तापमान ६०° व ४०° से.च्या खोलीत ७५° होईल. सामान्यतः ७०° ते ८०° से.च्या आसपास नियंत्रक स्वतःला वाचविण्यासाठी आपली गती घटवितो. पाचव्या पिढीचे संचयक भर कामात १० वॉटच्या घरात शक्ती खर्च करतात, त्यामुळे ते अगोदर या मर्यादेस पोहोचतात. त्यात दुसरी खाच पुष्कळदा चित्रपत्रिकेच्या बरोबर खाली, तिच्या गरम हवेच्या झोतात असते. अशा ठिकाणी कमी शक्तीचा संचयक, त्यावर साधी ॲल्युमिनियमची पट्टी आणि पेटीच्या पुढच्या बाजूस हवा आत घेणारा पंखा एवढे पुरेसे होते.

भवानी पेठेसारख्या विणकामाच्या वस्तीत आणखी एक अडचण असते. यंत्रमाग चालू असताना सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत राहतात. संगणकाच्या जाळीवर व पंख्यांच्या पात्यांवर त्यांचा थर साचला की, आतील हवा कोंडते. संचयकात हलता भाग नसल्याने हे तंतू त्याला थेट इजा करीत नाहीत. इजा होते ती वाढलेल्या तापमानाने. यासाठी काढून झटकता येणारी जाळी बसवावी व आतील भाग वारंवार हवेच्या झोताने साफ करावा. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत.

वीज अवचित गेल्यास संचयकाचे नुकसान हार्ड डिस्कप्रमाणे शीर्ष आपटून होत नाही, तथापि लेखन अर्धवट राहू शकते. नियंत्रक नुकताच सुधारलेला तक्ता काही काळ पुसट स्मृतीत ठेवून मग फ्लॅशवर उतरवितो. मोठ्या संस्थांसाठी बनविलेल्या संचयकांत अशा क्षणी पुरेल एवढा भार साठविणारी धारित्रे असतात, घरगुती संचयकांत ती बहुधा नसतात. बॅटरीवर चालणारे अखंड वीजपुरवठ्याचे साधन (यूपीएस) हा त्यावरील सरळ उपाय होय.

दुसरा संचयक आणि दुसरी प्रत : या दोन गोष्टी एक नव्हेत. घरातील एकाच संगणकावर मुलांचे खेळ आणि कारखान्याचे काम असे दोन्ही असेल तेथे हा भेद पैशाचा व पोटाचा होतो. बोनास कंपनीने १९८३ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात इलेक्ट्रॉनीय जॅकार्ड मांडल्यापासून नक्षी ही छिद्रपत्रांच्या माळेऐवजी संगणकीय फाइल होऊ लागली. जेथे पत्रेच वापरतात तेथेही नक्षी संगणकावर आखून मग पत्रे पाडता येतात. अशी फाइल आकाराने क्षुल्लक असते. समजा, पत्रावर ४८० छिद्रांची जागा आहे व चादरीच्या नक्षीस २,००० पत्रे लागतात. तर सर्व माहिती १,२०,००० बाइट भरते आणि १ टेराबाइटच्या संचयकात अशा ८० लक्षांहून अधिक नक्षी मावतील. म्हणजे जागा अडविणारे खेळ पुन्हा केव्हाही उतरवून घेता येतात, आणि जिला जवळजवळ जागाच लागत नाही ती नक्षी मात्र गेली की गेली. लाकडी फळीवर टांगलेल्या पत्रांच्या माळेतील एक पत्र फाटले, तर ते पुन्हा पाडता येते व बाकीची माळ शाबूत राहते. संचयकाचा नियंत्रक निकामी झाला, तर सर्व काही एकदम जाते, आणि तेही हार्ड डिस्कच्या खरखरीसारखी पूर्वसूचना न देता. शिवाय ट्रिम आज्ञेमुळे चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा फार थोडी असते.

दोन संचयक एकत्र जोडून एकच मोठा भासविण्याची (‘रेड ०’) सोय बहुतेक मदरबोर्डांत आहे. तीमुळे गतीचा आकडा फुगतो, पण दोहोंपैकी एक बिघडला तरी दोन्हींतील माहिती जाते. खेळसंगणकात ती वापरण्याचे सबळ कारण दिसत नाही. उलट दोन्हींवर तीच माहिती एकाच वेळी लिहिण्याची पद्धत (‘रेड १’) एकाच्या बिघाडापासून वाचविते. मात्र चुकून पुसणे, विषाणूची लागण किंवा विजेचा तडाखा यांपासून नाही, कारण चूकही दोन्हीकडे तत्क्षणी लिहिली जाते. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात व त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी, हा संगणकक्षेत्रातील रूढ नियम आहे. पेटीतील दुसरा संचयक त्यांपैकी एका प्रतीची जागा घेऊ शकतो; बाहेरची हार्ड डिस्क व इंटरनेटवरील साठवण या उरलेल्या दोन.

या कामासाठी जुना काढलेला संचयक कपाटात ठेवून देण्याची प्रथा मात्र सदोष आहे. निरोधकाने वेढलेला भार कालांतराने गळतो व तापमान जितके अधिक तितकी गळती जलद. ‘जेडेक’ या अर्धसंवाहक उद्योगाच्या मानक संस्थेने घातलेली अट अशी : ठरवून दिलेले सर्व लेखन संपल्यानंतर घरगुती संचयकाने विजेवाचून ३०° से. तापमानास एक वर्ष माहिती टिकवावी. थोडाच वापरलेला संचयक यापेक्षा पुष्कळ अधिक टिकतो. परंतु खूप झिजलेला संचयक पत्र्याच्या छपराखालील खोलीत उन्हाळाभर पडून असेल, तर त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. असा संचयक ठेवायचाच झाल्यास मधून मधून जोडून सर्व माहिती वाचून पाहावी व ताजी प्रत करावी.

जुना संचयक विकावयाचा असल्यास त्यावर दुसऱ्या फाइली भरून जुनी माहिती झाकण्याचा उपाय पुरत नाही, कारण नियंत्रक नवे लेखन निराळ्या पृष्ठांवर करतो व बाद झालेली काही पृष्ठे, तसेच राखीव खंड, बाहेरून दिसतही नाहीत. त्यासाठी संचयकातच असलेली संपूर्ण पुसण्याची आज्ञा निर्मात्याच्या प्रणालीतून किंवा मदरबोर्डच्या मांडणीपटलावरून द्यावी लागते. बहुतेक संचयकांत ती अल्पावधीत पूर्ण होते.